शेजाऱ्यांचा न्याय संपल्यावर

रविवारची भक्ती, म्हणजे उपासना, संपली आणि मी नेहमीसारखा चर्चच्या दारात उभा राहिलो. पाळकानं दारात थांबून प्रत्येकाशी हात मिळवायचा, ही आमची पद्धत. त्या रविवारी सगळे बाजूच्या दारानं निघून गेले. मी हात पुढं करून तसाच उभा. इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

नांदेडच्या या छोट्या चर्चमध्ये मी बायबलमधल्या इब्री संदेष्ट्यांवर प्रवचनं देत होतो. संदेष्टा म्हणजे ज्योतिषी नव्हे. देवाचं म्हणणं लोकांच्या तोंडावर सांगणारा माणूस. त्यांतला एक मेंढपाळ मोठा हुशार. तो आधी शेजारच्या राज्यांचे अपराध काढतो आणि बजावतो, शिक्षा टळणार नाही. ऐकणारे खूश. मग त्याच सुरात तो त्यांच्याकडं वळतो, आता तुमचं.

मीही त्याच क्रमानं गेलो. शेजाऱ्यांचा न्याय चालू होता तोवर 'आमेन'चा नुसता गजर. चर्च कमिटीचे सेक्रेटरी सॅम्युएल सर, रिटायर्ड हेडमास्तर, मला आग्रहानं जेवायला नेत. बायको लातूरला नर्स, मी इथं चर्चच्या कंपाउंडमध्ये एकटा. त्या जेवणांचं मला फार अप्रूप.

त्याच सुमारास कमिटीनं कंपाउंडमधली शांताबाईंची खोली पाडून पार्किंग करायचं काढलं. शांताबाईंच्या नवऱ्यानं जन्मभर चर्चची घंटा वाजवली. तो गेला, मूलबाळ नाही, जायला दुसरं ठिकाण नाही. मंगळवारी मीटिंग होती. म्हणून आधीच्या, त्याच रविवारी मी 'आता तुमचं'वर आलो आणि शांताबाईंचं नाव घेऊनच बोललो.

संध्याकाळी सॅम्युएल सर आले.

"पास्टरसाहेब, दुसऱ्यांचं सांगत होते तवर लई चांगलं चाललं होतं."

"सर, शास्त्रात पुढं तसंच आहे."

"हाव, पण नाव कशाला घ्यायचं? लोकं नाराज होऊन राहिलेत. अन् शिक्षा शिक्षा म्हणता, कधी हाय ती?"

"तारीख मला कळवलेली नाही. होणार, एवढंच सांगितलंय."

सर हसले नाहीत. चहाही न घेता गेले.

मीटिंगमध्ये खोली पाडण्याच्या बाजूनं हात वर करायला सांगितलं. एकही हात वर होईना. सगळे सरांकडं बघत होते, सर पंख्याकडं. विषय पुढच्या मीटिंगवर ढकलला आणि पुन्हा निघालाच नाही. खोली वाचली.

मी मोठ्या खुशीत शांताबाईंकडं गेलो. त्या मेथी निवडत होत्या. बसा म्हणाल्या नाहीत.

"तुमी माझ्यासाठीच बोलले, कळतंय मला. पण साऱ्यांदेखत माझं नाव घेतलं. आता नळावर कोणी बोलून नाही राहिलं माझ्याशी. खोली हाय, मानसं न्हाईत."

मी उभ्या उभ्याच परत आलो.

न्याय अटळ आहे, हे मी आजही शिकवतो. तो झाल्यावर सांगणारा आणि ज्याला मिळाला तो, दोघं एकाच कंपाउंडात एकेकटे राहतात, हे मात्र पाळक घडवणाऱ्या सेमिनरीत मला कोणी शिकवलं नव्हतं.