सुगराबीचं पिंजण आणि सतराचा पाढा

आमच्या शिरपुरात एक काळ असा होता, की पोरानं अभ्यास केला की नाही हे पाहायला आया पाटी बघत नसत, डोकं बघत. पोरगं दिवेलागणीला घरी आलं की आधी त्याला वाकवायचं आणि केसांत बोटं घालायची. कापूस निघाला तर जेवायला वाढायचं. नाही निघाला तर आधी दुसरं काहीतरी वाढायचं.

हा कापूस सुगराबीचा.

सुगराबी म्हणजे युसूफ पिंजाऱ्याची बायको. युसूफ होता तोवर गावातल्या साऱ्या गाद्या, उशा, रजया त्याच्याच हातच्या. देवळाच्या धर्मशाळेत यात्रेकरूंना देतात त्या गाद्यासुद्धा. माणूस मुका नव्हता, पण लग्नानंतर तो बोलल्याचं कोणाला आठवत नाही. बोलायचं खातं सुगराबीकडे होतं. कोणाची सून माहेरी जाऊन बसली, कोणत्या शेटच्या पागोट्याखाली टक्कल आहे, धर्मशाळेत उतरलेल्या बाईनं कोणत्या जावेशी भांडून यात्रा काढली, सगळं तिला ठाऊक. आणि तिला ठाऊक म्हणजे बाजाराच्या दिवशी धनज गावापर्यंत ठाऊक. मला तिच्याबद्दल फार आदर. मी जे काही शिकलो ते तिच्याकडून. पाढे नव्हे हो, ते दुसरं.

युसूफ वारला तेव्हा जर्मनांची पहिली लढाई संपून थोडीच वर्षं झाली होती. लेकरूबाळ नव्हतं. शोकाचे दिवस सरल्यावर सुगराबीनं खुंटीवरचं पिंजण उतरवलं. पिंजण म्हणजे माणसाच्या उंचीचं लाकडी धनुष्य, त्याला ताणून बांधलेली आतड्याची तात. ती तात कापसात धरायची आणि वरून लाकडी ठोकळा हाणायचा. टंग! की दडपून बसलेला जुना कापूस धुरासारखा उडालाच.

गाव म्हणालं, बाईमाणूस कुठं पिंजण धरते का?

सुगराबी म्हणाली, "नोका धरू देऊ. मंग झोपा गोट्यायवर."

पण खरी अडचण वेगळीच होती. पिंजायला ताल लागतो. टंग, टंग, टंग, एकसारखा. ताल तुटला की कापसात गाठी राहतात. आणि सुगराबीचं मन एका जागी थारत नसे. दोन ठोके मारले की रस्त्यानं कोणी जाताना दिसायचं. "काहो गुलाबबाय, कुठं जाऊन राह्यल्या?" झालं! ठोका हवेत, जीभ कामावर. पहिल्या हिवाळ्यात तिनं भरलेल्या गाद्यांवर झोपून अर्धं शिरपूर कंबर चोळत उठायचं.

तिची पडवी प्रेमचंद शेटच्या दुकानामागं होती. जागा शेटची, वापर युसूफच्या वेळेपासूनचा. पडवीची मागची भिंत तीच शाळेची भिंत. एका संध्याकाळी आम्ही पोरं शाळेच्या ओट्यावर परवचा म्हणत होतो. बे एके बे, बे दुणे चार. भिंतीपलीकडून टंग, टंग. आमचा सूर आणि तिचा ठोका कसे एकात एक बसले, देव जाणे. तिनं अख्खी उशी एका दमात पिंजून काढली, आणि मधे शेजारच्या आळीतली सून रडत रस्त्यानं गेली तरी एक अक्षर विचारलं नाही! तिला स्वतःलाच नवल वाटलं. बाहेर येऊन ओरडली, "अबे पोट्टेहो, ते काय म्हनून राह्यले, ते इकडं येऊन म्हना. फुटाने देतो."

तेव्हापासून आमचा अभ्यास पडवीत, आणि सुगराबी आम्हा पोरांची खाला, म्हणजे मावशी. तिला एक अक्षर येत नव्हतं, पण कोणाचं लक्ष सुटलं की तिचा हात अडायचा. "कोन थांबलं रे? माहा कापूस अटकला." मग चुकार पोराच्या नाकावर बरोबर कापसाचा एक पुंजका येऊन बसायचा, आणि बाकीचे खिदळायचे. गावात सगळे म्हणत, सुगराबी पोरांचं मन अभ्यासात लावते. मी म्हणतो, पोरांनी सुगराबीचं मन गादीत लावलं. दोन्ही खरं. गाद्या मऊ झाल्या आणि पोरं पास होऊ लागली.

एकटा प्रेमचंद शेटचा हुकूमचंद सोडून.

हुकूम चवथीत दोनदा नापास झाला. वाण्याच्या पोराला सतराचा पाढा येऊ नये, ही गावासाठी यात्रेहून मोठी करमणूक होती. गिऱ्हाईक मुद्दाम शेटला विचारायचे, "काय शेटजी, हिशेब तुमीच करता ना? का हुकूमले देता?" शेट आतल्या आत जळायचा. एक दिवस तो पडवीत येऊन उभा राहिला.

"सुगराबी, पोरगा रोज तुह्याकडं बसते. रोज डोक्यात कापूस घेऊन येते. तरी नापास! तुह्या या टंगटंगीनं त्याच्या डोक्याचाच कापूस झाला. मले पडवी पाहिजे. इथं मी तुरीचं कोठार करतो."

सुगराबीनं ठोकळा खाली ठेवला. "शेटजी, तुमचा पोरगा इथं? दिवाळीपासून मी त्याचं तोंड नाही पाह्यलं."

"मंग कापूस?"

सुगराबीनं बोलावून घेतलं हुकूमला. त्याच्या केसांतला पुंजका काढला, उजेडाकडे धरला, तर तो ताजा पिंजलेला नव्हे, अंगाखाली दडपून बसलेला; ती हसतच सुटली. "अंगुरीबाय! ओ अंगुरीबाय! जरा तुमच्या पोराची गादी उचलून पाहा माय!"

अंगुरीबाई, हुकूमची आई, घरात गेली. गादी उचलली, तर ती एका हातात आली. उशाकडच्या कोपऱ्याला बोट जाईल एवढं भोक, आणि आत नुसती खोळ. पोरगा शाळा सुटली की धर्मशाळेत यात्रेकरूंच्या बैलांना पाणी पाजत हिंडायचा आणि घरी येताना आपल्याच गादीतला कापूस केसांत खोचायचा! दिवाळीपासून तो फरशीवर झोपत होता म्हणा ना. तक्रार कोणत्या तोंडानं करणार?

शेटला हसू येत होतं, पण तो शेट होता. "ठीक हाय," तो म्हणाला. "आता शाळा तपासनारे डिप्टी साहेब परीक्षेले येतीन. पोरगा पास झाला तं पडवी जिंदगीभर तुही. नाही झाला तं कोठार."

दुसऱ्या दिवशी सुगराबीनं हुकूमला पिंजणाच्या अगदी जवळ बसवलं, तातीचा वारा कानाला लागेल इतकं. मारलं नाही, रागावली नाही. एवढंच म्हणाली, "बेटा, हे धर्मशाळेची गादी हाय. तू अटकला का माहा हात अटकते. गाठ राह्यली तं यात्रेकरू शिव्या देईन. त्या शिव्या मी तुह्या नावावर पाठवतो."

आता बैलांना पाणी पाजणारा पोरगा! कोणाला आपली गरज आहे म्हटलं की तो जागचा हलायचा नाही. हुकूम बसला. रोज बसला. सतराचा पाढा टंगावर टंग चढत गेला. अंगुरीबाई केसांतला कापूस नाकाशी नेऊन तपासायची, ताजा आहे की गादीतला!

सगळं जमून आलं होतं, आणि जगदेव गुरुजींना शांततेचा झटका आला.

जगदेव गुरुजी आमच्या शाळेचे नवे मास्तर. सज्जन माणूस, मास्तरकीची नार्मल परीक्षा पास. पण त्यांनी कुठंतरी 'एकाग्रता' हा शब्द वाचला होता, आणि तो ते नव्या टोपीसारखा मिरवत. शांतता असल्याशिवाय एकाग्रता नाही, असं त्यांचं म्हणणं. गुरुजींच्या घरी चंदाबाई होत्या, त्यांच्या मंडळी. त्या झोपेतही बोलत. त्यामुळे शांतता ही चीज गुरुजींनी पुस्तकातच पाहिली होती, हे आपलं माझं मत.

डिप्टी यायच्या आधी गुरुजींनी शेटला गाठून पिंजण बंद करवलं. "परीक्षा होईतो ठोका नको. वर्गात सुई पडली तरी ऐकू आली पाहिजे."

झालं! सगळ्या घरांतल्या सुया नाहीशा झाल्या. पोरं वर्गात सुया पाडून पाहू लागली, कोणाची ऐकू येते. पाल चुकचुकली तर सगळा वर्ग वर बघायचा. शेजारी दूध तापलं की आम्हाला आधी कळायचं. एवढी एकाग्रता शिरपुरात कधी झाली नव्हती, फक्त पुस्तकावर नव्हती. हुकूम सतरा दुणेपर्यंत जायचा आणि पालीची वाट बघत बसायचा.

सुगराबी पडवीत हात बांधून बसली. चार दिवस तिनं कोणाची चुगली केली नाही. गाव घाबरलं.

डिप्टी साहेब वाशीमहून दोन बैलांच्या दमणीत बसून आले आणि चावडीत उतरले. संध्याकाळी सुगराबी चावडीवर गेली. साहेबांचा चपराशी फय्याज सामान लावत होता. ओळख ना पाळख, तिनं सरळ साहेबांच्या गादीत कोपर खुपसलं.

"भाईजान, साहेब याच्यावर झोपते? माय माय! याच्यात तं ज्वारीचं कणीस राह्यलं वाटते."

फय्याजनं उसासा सोडला. "क्या बोलूं बुबू, रोज सकाळी साहेब कंबर धरून उठते, अन् शिव्या मी खातो. तू पिंजते का?"

"पिंजलं असतं न. पन गुरुजीचा हुकूम हाय, ठोका बंद."

"गुरुजीचा हुकूम मोठा का साहेबाचा?"

"ते मले अडाणी बाईले काय समजते बापा," सुगराबी पदर सावरत म्हणाली. "बाकी उद्या सकाळी आणशान तं उन्हं डोक्यावर येईलोक होऊन जाईन."

परीक्षा उद्या सकाळी होती, हे तिला अर्थातच ठाऊक नव्हतं! ज्या बाईला धनजच्या म्हशी कधी व्याल्या ते ठाऊक, तिला हे ठाऊक नव्हतं. बरं.

सकाळी वर्ग मातीच्या गणपतींसारखा बसला. साहेब खुर्चीत, एक हात कंबरेवर. दाराशी फय्याज. बाहेर लिंबाखाली प्रेमचंद शेट, काही विकत घ्यायला आल्यासारखा. साहेबांनी हुकूमला उभं केलं.

"सतराचा पाढा."

"सतरा एके सतरा," हुकूम म्हणाला. "सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक..." आणि त्याची नजर आढ्याकडे गेली. नेमकी त्या दिवशी पालसुद्धा नव्हती. शेटनं लिंबाला हात टेकला.

टंग!

गुरुजी पांढरे पडले. टंग! टंग!

"हा कसला आवाज?" साहेबांनी विचारलं.

"बंद करवतो साहेब, आत्ता जाऊन..."

"साहेब," दारातून फय्याज म्हणाला, "आपली गादी पिंजून राह्यली."

साहेबांनी कंबरेवरचा हात दाबला. "मग वाजू द्या, गुरुजी. परीक्षा पुढच्या वर्षीही होईल. कंबर होणार नाही."

आणि तोवर इकडे वर्ग हलायला लागला होता. सगळी पोरं ठोक्यावर डोलत होती. हुकूमची मान खाली आली, डोळे मिटले आणि गाडी सुटली. सतरा त्रिक एक्कावन्न, टंग! सतरा चोक अडुसष्ट, टंग! सतरा पाचे पंच्याऐंशी! शेटनं लिंबावरचा हात काढला आणि शर्यतीतला बैल हाकावा तसा हवेत हलवायला लागला.

आणि सतरा साते एकोणीसासे, म्हणजे एकशे एकोणीस, म्हणता म्हणता भिंतीपलीकडे फट्टकन आवाज झाला आणि सगळं थांबलं. तात तुटली होती.

पुढं सुगराबी सांगायची, "दोन्ही टोकं हातात धरून बसलो. म्हटलं, गेली पडवी. तुरी भरा आता."

वर्गात सुई पडली असती तर ऐकू आली असती. हुकूम उघड्या तोंडानं उभा. गुरुजींचे ओठ हलत होते, पण सांगायची सोय नव्हती. मग हुकूमनं भिंतीकडे पाहिलं, उजव्या हाताची मूठ हवेत उचलली, जणू ठोकळाच धरलाय, आणि ती खाली आणत तोंडानंच म्हणाला,

"टंग! सतरा आठे छत्तीसासे. टंग! सतरा नवे त्रेपन्नासे. टंग! सतरा दाहे सत्तरासे. टंग टंग!"

साहेब इतके हसले की कंबर धरावी लागली. मग त्यांनी पाऊणकी विचारली, अडीचकी विचारली, मधूनच आडवातिडवा पाढा विचारला. हुकूम मूठ हाणत गेला, टंग करत गेला, एकदाही अडकला नाही.

"पास," साहेब म्हणाले. "पण गुरुजी, हे टंग कोणत्या पुस्तकात आहे?"

गुरुजी सज्जन होते हे मी आधीच सांगितलं. ते म्हणाले, "पुस्तकात नाही साहेब. भिंतीपलीकडे आहे."

साहेबांची गादी मात्र अर्धीच झाली होती. उशाकडून साय, कंबरेकडून गोटे. नवी तात चढून ती पुरी होईतो त्यांनी शिरपूरचा मुक्काम वाढवला, आणि शाळेची तपासणी फार बारकाईनं चालली आहे असं वाशीमला कळवलं, असं म्हणतात. म्हणणारी सुगराबीच.

शेट त्याच दिवशी पडवीत आला. त्यानं पागोटं मागं सारून डोकं खाजवलं. शेवटी म्हणाला, "तुरी काय, दुसरीकडंही ठेवता येते."

"ठेवा ना शेटजी," सुगराबी म्हणाली. "अन् पागोटं जरा सरळ करा, सारं दिसून राह्यलं."

दुसऱ्या दिवसापासून जगदेव गुरुजीही परवचा घ्यायला पडवीत येऊन बसू लागले. पोरांच्या एकाग्रतेसाठी, असं ते सांगत. पण पिंजण चालू असलं की रस्त्यापलीकडून चंदाबाईंची हाक ऐकू येत नाही, हा शोध त्यांना तिथंच लागला, आणि तो त्यांनी मरेपर्यंत कोणाला सांगितला नाही. मला सुगराबीनं सांगितला.

आणि साहेबांच्या गादीनंतर सगळ्यांत आधी पडवीत कोणती गादी आली? अंगुरीबाई ती रिकामी खोळ काखेत मारून घेऊन आली. सुगराबीनं हुकूमलाच भरायला बसवलं. संध्याकाळी पोरगा घरी गेला तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झालेला. अंगुरीबाईनं सवयीनं त्याला वाकवला, केसांत बोटं घातली, पुंजका काढला, नाकाशी धरला.

"हा कुठला रे? खालाचा का गादीतला?"

"खालानं दिला, मी गादीत भरला, उरला तो डोक्यात राह्यला," हुकूम म्हणाला. "टंग!"

अंगुरीबाईनं ताट मांडलं.