नळीचं पाणी

गोलात सलीम. मागं दत्ता, कैलास, मोठा विष्णू अन् लहाना विष्णू. मधी अफरोज, बाळू अन् हसनाबादचा गणपत. पुढं राहुल, योगेश, सिद्धार्थ. पाण्याची घागर अन् भाकरीचं गठुडं घेऊन मी. अन् सर. येवढेजण त्या दिवशी टेम्पोत बसून शहरातल्या मोठ्या कॉलेजात फुटबॉल खेळायला गेल्तो. नावं तुमच्या ध्यानात न्हाई राहिली तरी चालतंय. तिथं कोणी त्याहिची नावं इचारली न्हाईत, म्हणून मी आधी घेतली.

सरांचं नाव घेत न्हाई. आमच्या कॉलेजात खेळाचे सर म्हणलं की तेच. मी तिथं झाडलोट करायची. सर रोज सकाळी खोलीच्या खिडकीतलं एक काळं ढेकूळ उचलायचे, हातावर तोलायचे, परत बराबर त्याच जागी ठेवायचे. मी झाडू घेऊन आले की म्हणायचे, "मावशी, सगळं झाडा. त्याला हात लावू नका."

तुम्ही म्हणाल, मातीचं ढेकूळ, त्याचं काय येवढं. सांगते.

त्या दिवशी आमची पोरं सात गोलांनी हरली. हरण्याचं काही न्हाई, खेळात कोणीतरी हरतंच. खेळ सरला तशी त्याहिची पोरं सावलीतल्या थंड पाण्याच्या जारपाशी गेली. माझी घागर रिकामी झाल्ती, म्हणून आमची बी तिकडं निघाली. त्याहिचा शिकवणारा, काळ्या चष्म्याचा, आडवा आला. माळी झाडांना पाणी देऊन राह्यला होता, त्याच्या रबरी नळीकडं बोट करून म्हणाला, "यांना तिकडं पाज रे. ढेकळं आहेत सगळी. पाणी मारलं की विरघळतील."

त्याहिची पोरं हसली. माळ्यानं खाली मान घातली अन् नळी धरली. आमची लेकरं तान्हेली होती. वाकून, ओंजळ धरून पिली.

सर पिले न्हाईत. ते खाली बसले. लहान्या विष्णूच्या चपलेला आमच्या रानाची माती चिकटून आल्ती. ते ढेकूळ त्यांनी हळूच काढलं अन् रुमालात बांधून खिशात टाकलं.

मला असं वागवणं नवं नव्हतं. आमचे मालक, लेकरांचे बाप, एमआयडीसीत लोखंडाच्या मिलीत कामावरच वारले, तवा मला बी गेटाबाहीर दिवसभर उन्हात उभं केल्तं. पाणी कोणी इचारलं न्हाई. मी काय करणार होते? घरी दोन लेकरं होती. तेरावा झाला अन् कामाला लागले. गेटाचा बदला कोण घेतं? पण सरांकडं पाहून वाटलं, बरं झालं, कोणीतरी इसरायला तयार न्हाई.

पुढच्या साली तेच कॉलेज आमच्याकडं खेळायला येणार होतं. आमच्या प्राचार्यांनी सरांना बोलावून सांगितलं, "पुन्हा असं नाक कापलं तर फुटबॉल बंद. ग्राऊंड लग्नाला भाड्यानं देऊ." सर "बरं" म्हणून बाहीर आले अन् सरळ ढेकळापाशी गेले.

ग्राऊंड म्हणजे काय, काळं रान. उन्हाळ्यात हात जाईल येवढ्या भेगा पडायच्या. सरांनी पोरांकडून एकेक भेग बुजवून घेतली. वरून रान सपाट करायचा लाकडी पाटा फिरवायला बैल कोणी देईना. मंग पोरांच्याच खांद्यावर दोर दिले अन् पाट्यावर सर सोताच उभे राह्यले.

बाळू म्हणाला, "सर, आम्ही काय बैल हाव का?"

"बैल असते तर जल्दी शिकले असते. वढ."

कोणी दमलं, कोणी टेकलं की सर ओरडायचे न्हाईत. जवळ जाऊन हळूच इचारायचे, "कामून रे, नळीची तहान लागली का?" पोरगं उठायचं. काही पोरं रातपाळी करून यायची, काही कापूस वेचून. ती बी उठायची.

मॅचच्या आदल्या दिशी सर मला म्हणाले, "मावशी, उद्या पाहुण्यांना जेवू घालायचं. पिठलं, ज्वारीच्या भाकरी, ठेचा."

योगेश माझ्या कानाशी आला. "मावशी, त्याहिच्या पिठल्यात जमालगोटा टाक."

सरांनी ऐकलं. "बिलकुल न्हाई. अन् पहिली पंगत त्यांची. वाढायचं तुम्ही." मंग मला इचारलं, "तांबे किती हायेत?"

मी गल्लीतून घरोघरचे तांबे मागून आणले. चिंच लावून घासले. प्रत्येकाला एक.

खेळाचं मला काय कळतंय. येवढं कळलं की त्याहिची पोरं आमच्या रानात अडखळत होती अन् आमची त्याच रानात पाटा वढून वढून घट्ट झाल्ती. सलीमनं तर दोनदा तोंडावर चेंडू घेतला, पण आत जाऊ दिला न्हाई. शेवटाला गणपतनं एक गोल केला. एकच. सर उठले न्हाईत, हसले न्हाईत. म्हणाले, "मावशी, पत्रावळी मांडा."

लिंबाखाली पंगत बसली. वारा सुटला होता. बाकीच्यांच्या पत्रावळीवर पोरांनी खडे ठेवले. चष्मेवाल्याच्या पत्रावळीवर सरांनी खिडकीतलं ढेकूळ आणून ठेवलं.

"वारा हाय सर. उडून जाईल."

मंग आग्रह सुरू केला. "घ्या, अजून अर्धी. ढेकळांच्या रानातली ज्वारी हाय."

"पुरे, पुरे."

"पुरे कसं? पाहुणे तुम्ही." अन् लहान्या विष्णूला हाक मारली. "सरांना पाणी दे."

विष्णूनं दोन्ही हातांनी तांब्या पुढं केला. चष्मेवाल्यानं तांब्याकडं पाहिलं, मंग ढेकळाकडं. चष्मा काढला, पुसला. पाणी पिला, पण मान वर केली न्हाई. हातातला घास हातातच राह्यला. मला त्याची दया आली न्हाई. खोटं कामून बोलू?

टीम राह्यली. सर तासाच्या पगारावर होते, पुढच्या साली त्यांचे तास लागले न्हाईत. कोण्या गावी गेले, कोणाला ठाऊक न्हाई. जाताना ढेकूळ खिडकीतच ठेवून गेले. आता खोलीत नवीन माणूस आलाय, म्हणून ते मी घरी आणलं. पावसाळ्यात पत्र्याच्या पेटीत ठेवते. अजून विरघळलं न्हाई.

वाचणाऱ्याला येवढंच मागणं हाय. परगावची लेकरं तुमच्या दारी खेळायला आली तर त्याहिला पाणी तांब्यात द्या.