यादगिरीची अम्मा पहाऱ्यावर आली तेव्हा

पहाऱ्यावरच्या जवानाला हसवायचा प्रयत्न तुम्ही कधी केला आहे का?

बोलारमच्या राष्ट्रपती निलयममध्ये, राष्ट्रपतींच्या दक्षिणेतल्या मुक्कामाच्या घरी, आमची गार्ड ड्यूटी होती. हे घर एकेकाळी इंग्रज रेसिडेंटचं. स्वयंपाकघर वेगळं. जेवण भुयारातून भोजनगृहात जायचं, वाढपी वर कुणाला दिसायचे नाहीत. माणसांना असं नजरेआड ठेवण्यावरचा माझा राग त्या भुयारापासून सुरू होतो. आज ते घर जनतेचं आहे, हे मला मोलाचं वाटतं. तेव्हा मात्र राष्ट्रपतींचा हिवाळी मुक्काम संपला की काही दिवस फक्त बाग खुली व्हायची.

बाग पाहायला आलेल्या गर्दीत माझ्यासोबतच्या लान्सनायक यादगिरीची अम्मा कुकटपल्लीहून आली, न कळवता. तो आणि मी समोरासमोर पहाऱ्यावर. पहाऱ्यावर बोलायचं नाही, नजर हलवायची नाही.

"यादी, जेवलास का रे?" तिने तेलुगूत विचारलं. मग पुन्हा विचारलं.

शेजारचा एक कॉलेजवाला हसला. "पुतला है अम्मा! जवाब नक्को मांगो!"

"मोठा झालास," एवढंच यादगिरीला म्हणून ती गेली. मीही हललो नाही.

पहारा बदलून रिलीफ मिळताच तो फाटकापर्यंत धावला. बस सुटली होती. फोन तिने उचलला नाही.

"रूठ गई रे कुलकर्णी. संडे को जाके पाँव पकडतूं. तू गवाह बनके चल."

"बिर्याणी खिलाया तो आतूं."

शनिवारीच पलटणीची मूव्ह ऑर्डर आली, थेट सरहद्दीवर. बर्फातल्या पोस्टवर नेटवर्क नव्हतं. एका सकाळी आमच्या गस्तीच्या तुकडीवर हिमकडा कोसळला. रेडिओ सेट माझ्याकडे होता.

"वन मिसिंग. यादगिरी. ओव्हर."

"सर्च कंटिन्यू. ओव्हर."

दुपारी तो सापडला. श्वास नव्हता.

सुट्टी मिळाल्यावर मी कुकटपल्लीला गेलो. अम्माने एकच विचारलं, "माझ्यावर रागावला होता का?"

"नाही अम्मा. तशी ऑर्डर असते."

"आईसाठीही?"

"सगळ्यांसाठी."

मग म्हणाली, "एकदा डोळे तरी मिचकावायचे."



पलटणीला तो हुकूम पाळणारा म्हणून आठवतो. मला आठवतो तो फाटकाकडे धावणारा यादगिरी.

राष्ट्रपतींचा मुक्काम नसतो तेव्हा निलयम आता वर्षभर खुलं असतं. जा. जुन्या विहिरी पाहा, औषधी झाडं पाहा, भुयारातून चाला. आणि कुणी बाई पहाऱ्यावरच्या जवानाशी बोलून उत्तराची वाट पाहत उभी दिसली, तर तिच्याजवळ जाऊन हळूच सांगा, की तो ऐकतोय.