टबाबाहेरची कोंबडी

मावशींच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि मला सकाळी जाग येईनाशी झाली. मावशी म्हणजे माझ्या खोलीच्या खाली असलेल्या चिकनच्या दुकानाच्या मालकीण. रोज सात वाजता गिऱ्हाइकांवर ओरडणारा त्यांचा आवाज खिडकीतून आत यायचा. मी घड्याळ कधी घेतलंच नव्हतं. थायरॉइडची गाठ काढली, ती कॅन्सरची निघाली आणि आवाजाच्या जागी खरखर उरली. मी आठवडाभर उशिरा उठलो. माझ्या दुःखाची सुरुवात अशी गैरसोयीतून झाली.

मी साहित्याचा पदवीधर. पाठ्यपुस्तकांची प्रुफं तपासतो. संकटात माझा काय उपयोग, हा प्रश्न घरच्यांना कायम पडलेला. मावशींनी तो सोडवला. हॉस्पिटलनं दिलेला कागद त्यांनी माझ्यापुढे टाकला.

"वाच. तुला हौस आहे ना?"

मी वाचला. दोन आठवड्यांनी त्यांना किरणोत्सारी आयोडीनचा डोस मिळणार होता. तोवर जेवणातलं आयोडीन जवळजवळ बंद ठेवायचं. म्हणजे डोस आला की थायरॉइडच्या उरल्यासुरल्या पेशी तो अधाशासारख्या ओढून घेतील आणि मरतील.

"मावशी, यात एक शोकात्म गोष्ट आहे. भुकेलाच शस्त्र—"

"कोंबडी चालते का ते सांग."

"चालते. ताजी, साधी, नीट शिजवलेली. तळहाताएवढी. मासे नाहीत, दूध नाही, अंड्यातलं पिवळं नाही. नेहमीचं मीठ अजिबात नाही. मसाला लावून ठेवलेलं, डब्यातलं मांस नाही. कलेजी नाही."

"कलेजी नाही?" सख्ख्या भावाला लग्नाला बोलावू नका म्हटल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

पण त्यांचं खरं लक्ष कॅलेंडरवर होतं. त्यांच्या मुलीला, ताईला, पाच आठवड्यांनी बाळ होणार होतं. डोसनंतर तीन आठवडे गरोदर बाईपासून आणि तान्ह्या मुलापासून लांब राहायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दोन आणि तीन पाच. मावशींनी तारखेवर बोट ठेवलं. "बाळ येईल त्या दिवशी मी मोकळी. पहिल्यांदा माझ्याच हातात द्यायचं, असं तिला सांगून ठेवलंय."

नऊ दिवस आम्ही कागद पाळला. आम्ही म्हणजे त्यांनी. मीही सोबत म्हणून अळणी जेवायचं ठरवलं होतं. तिसऱ्या दिवशी मी कोपऱ्यावर उभा राहून वेफर्सचं अख्खं पाकीट संपवलं.

डोससाठी थायरॉइडच्या गोळ्या बंद असल्यानं मावशी मंदावल्या होत्या. भर दुपारी स्वेटर घालून मांस कापायच्या ओंडक्यापुढे बसायच्या. जड उचलायचं नव्हतं, म्हणून सकाळी मी खाली जाऊ लागलो. काम सोपं होतं. मोठ्या टबात पाणी आणि बर्फ घालायचा, मिठाची पिशवी फोडून दोन मुठी मीठ टाकायचं, कापलेले तुकडे त्यात सोडायचे. रक्त सुटतं आणि मांस पांढरं राहतं. मावशी तीस वर्षं हेच करत होत्या. दुपारी त्यातलाच एक तुकडा त्यांच्यासाठी बिनमिठाचा शिजायचा.

दहाव्या दिवशी हॉस्पिटलात लघवी तपासली. आहारतज्ज्ञ बाई माझ्याच वयाची होती. ती रिपोर्टकडे आणि मग आमच्याकडे बघत राहिली.

"आयोडीन उतरलेलंच नाही. मीठ घालता का?"

"चिमूटभरसुद्धा नाही."

"त्या माझ्यासमोर जेवतो," मी म्हणालो. घाईत व्याकरणही हातचं गेलं.

"चिकन कुठून आणता?"

"आणते? अहो, दुकान आहे माझं!"

"मग कापल्यापासून ताटात येईपर्यंत त्याचं काय काय होतं ते सांगा."

मावशी ताठ बसल्या. आपल्या कामाबद्दल कुणी विचारलं की त्या अशाच बसायच्या. "साफ करते. तुकडे करते. धुते. शिजवते."

"कशात धुता?"

"मिठाच्या पाण्यात."

बाईनं पेन खाली ठेवलं. "मीठ घालत नाही म्हणालात ना?"

"घालत नाहीच. ते धुणं आहे."

त्या खोटं बोलत नव्हत्या. मीठ घालतात ते भांड्यात, चुलीवर. टब म्हणजे साफसफाई. हे सगळं मला त्या खुर्चीत बसल्याबसल्या कळलं. आणि मग ती पिशवी आठवली. तिच्यावर बोटभर उंचीच्या अक्षरांत 'आयोडीनयुक्त' लिहिलेलं होतं. नऊ सकाळी मी ती अक्षरं हातात धरली होती. मी शब्द तपासण्याचा पगार घेतो.

डॉक्टर म्हणाले, दोन आठवडे पुन्हा पहिल्यापासून. मावशींनी विचारलं, "बाळ झाल्यावर घेतला डोस तर?"

"तोवर गोळ्या बंद ठेवता येणार नाहीत. चालू करायच्या, मग पुन्हा बंद. सगळंच काही महिने लांबेल. निर्णय तुमचा. माझं मत, लांबवू नका."

आम्ही बाहेर बाकावर येऊन बसलो. मी म्हणालो, "मावशी, मीठ मी टाकलं."

"टाकायला कुणी सांगितलं?"

"तुम्ही."

"मग गप्प बस. सगळं श्रेय एकट्यानं घेऊ नकोस."

त्यांनी ताईला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. आवाज फुटत नव्हता, म्हणून घडलेलं मीच सांगितलं. माझा भाग मी जरा लवकर उरकला.

"आई, डोस घे," ताई म्हणाली. "बाळ काय पळून जातंय?"

"तुझ्यावर गेलं तर जाईल," मावशी म्हणाल्या. फोन ठेवून त्यांनी डोळे पुसले आणि आत जाऊन तारीख घेतली.

पुढचे चौदा दिवस एक कोंबडी टबाआधीच बाजूला निघू लागली. नळाखाली धुवायची, वेगळ्या भांड्यात ठेवायची. मी त्या भांड्यावर पहारा दिला. एकदा एका गिऱ्हाइकानं तेच मागितलं, तेव्हा मी इतका ओरडलो की मावशी म्हणाल्या, "शिकलास की!" या वेळी रिपोर्ट चांगला आला. डोस झाला. तीन दिवस हॉस्पिटलच्या बंद खोलीत काढून त्या घरी आल्या आणि आपल्या खोलीत एकट्या राहू लागल्या.

डोसनंतर अकराव्या दिवशी ताईला मुलगी झाली.

मावशींनी मला हाक मारायला दारावर लाटणं आपटलं. हॉस्पिटलसमोरच्या फुटपाथवर आम्ही उभे राहिलो, एकमेकांपासूनही चार हात लांब. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत ताई आली. तिच्या हातात एक पांढरं गाठोडं होतं. मावशींनी तोंड उघडलं. खरखर रस्त्याच्या मध्यापर्यंतही पोचली नाही.

"वजन विचार," त्या मला म्हणाल्या.

"वजन किती?" मी ओरडलो.

"दोन किलो नऊशे!"

"विचार, दुपट्यासकट की नुसतं?"

मी मावशींकडे पाहिलं. त्या गंमत करत नव्हत्या. मी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि भर रस्त्यात, सगळ्या जोरानिशी विचारलं.

"नुसतं!" ताई हसत म्हणाली.

"मग चांगली आहे," मावशी म्हणाल्या. ताईनं गाठोडं काचेजवळ उंच धरलं. मावशींनी दोन्ही तळवे वर केले, जणू कुणी त्यांवर काही ठेवणार होतं, आणि तशाच उभ्या राहिल्या. खिडकी बंद झाल्यावर त्यांनी हात खाली घेतले.

"दहा दिवस," त्या म्हणाल्या. "चल."