डाव्या आट्यांचा पुलर

जबलपूरच्या राइट टाउनमधल्या एका मोटरसायकल शोरूममध्ये मी सहा वर्षं स्पेअर पार्ट्सचं काउंटर सांभाळलं. कंपनी परदेशी, पण गाड्या दक्षिणेतल्या तिच्या कारखान्यात बनायच्या. आमच्या शहरात त्या फार नव्हत्या. ज्यांच्याकडे होत्या ते लोक मात्र सर्व्हिसिंगला आले की दिवसभर तिथेच बसायचे, गाडीला कोण हात लावतंय ते बघत.

बाबांना माझी ही नोकरी पटली नव्हती. ते संरक्षण खात्याच्या कारखान्यात टूलरूमला होते. यंत्रांना लागणारी हत्यारं, साचे, गेज बनवायचं काम. निवृत्त होऊनही सकाळी सहाला उठून दाढी करायचे. मुलीनं बँकेत नाहीतर रेल्वेच्या ऑफिसात लागावं असं त्यांच्या मनात होतं. नागपूरचे नातेवाईक विचारायचे, तेव्हा ते सांगायचे, "कंपनीत आहे." कोणत्या, ते सांगायचे नाहीत. पेन्शनच्या कामासाठी राइट टाउनपर्यंत यायचे, पण सहा वर्षांत एकदाही शोरूममध्ये आले नाहीत.

कंपनी देश सोडून चालली हे मला तिचं पत्र यायच्या तीन दिवस आधी कळलं. कारखान्याच्या पार्ट्स डेस्कवर एक बाई होत्या. आठवड्यातून दोनदा तरी आमचं फोनवर बोलणं व्हायचं. त्यांची हिंदी पुस्तकातली, माझी जबलपुरी, त्यामुळे नंबर दोन-दोनदा वाचून घ्यावे लागत. त्या दिवशी मी ऑर्डर सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मॅडम, जो चाहिए अभी मँगवा लीजिए." मी कारण विचारलं. तेव्हा त्यांनी सांगितलं की असेंब्लीची लाइन उतरवून खोक्यांत भरणं सुरू झालंय. आता गाड्या व्हिएतनाममध्ये बनणार. त्यांच्या विभागातल्या निम्म्या लोकांना कालच घरी जायला सांगितलं होतं.

मग पत्र आलं. ग्राहकसेवेत खंड पडणार नाही, असं त्यात होतं. पाठोपाठ दुसरं आलं. त्यात वर्कशॉपमधल्या खास हत्यारांची यादी होती. ही हत्यारं कंपनीच्या मालकीची असून पंधरा दिवसांत पॅक करून परत पाठवावीत. यादी माझ्या सहीनं जायची होती.

मी ती यादी घेऊन आमच्या मुख्य मिस्त्रींकडे गेले. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. पन्नाशीचे, कमी बोलणारे, आणि गाडीचा आवाज ऐकताना डोळे मिटून घ्यायची सवय. त्यांनी यादी वाचली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"बाकी सब का जुगाड़ हो जाएगा दीदी. ये पुलर चला गया तो इंजन नहीं खुलेगा."

या इंजिनाच्या डाव्या अंगाला मॅग्नेटोचं जड चाक असतं, ज्यानं वीज तयार होते. ते शाफ्टवर इतकं घट्ट बसतं की हातानं निघत नाही, आणि हातोडी मारली तर शाफ्ट जातो. ते ओढून काढायचं हत्यार म्हणजे पुलर. पुलर बाजारात मिळतो, पण आमच्या गाडीचे आटे उलटे, डाव्या हाताचे होते आणि मापही वेगळं. दुसरा कुठलाच बसत नसे.

उस्ताद एवढंच बोलून कामाला लागले. त्यांनी मला काही करायला सांगितलं नाही. मीच संध्याकाळी तो पुलर फडक्यात गुंडाळून पर्समध्ये टाकला आणि स्कूटीवरून घरी घेऊन आले. जेवणाआधी तो बाबांच्या समोर ठेवला.

बाबांनी चष्मा लावला. पुलर फिरवून पाहिला, आट्यांवरून अंगठा नेला. चेहऱ्यावर आवडल्याचं दिसत होतं. मग विचारलं, "हा कोणाचा आहे?"

मी सांगितलं, कंपनीचा. परत जाणार आहे. त्याआधी असाच एक तुम्ही बनवून द्याल का?

त्यांनी पुलर खाली ठेवला. "कोणाला विचारून आणला?"

मी टेबलावरचं फडकं घडी करू लागले.

"मी इतकी वर्षं नोकरी केली. गेटवर रोज झडती द्यायचो. एक स्क्रू कधी बाहेर आणला नाही. आणि तू काहून घेऊन आली?"

मी म्हटलं, कंपनीच इथून चालली, लोकांच्या गाड्या मात्र इथेच राहणार. त्यांचं काय? बाबा म्हणाले, तो प्रश्न वेगळा. आधी विचार, मग आण. आईनं ताटं वाढली म्हणून विषय थांबला. मला राग आला होता. तरी सकाळी पुलर घेऊन गेले आणि जागेवर ठेवला.

शोरूमच्या मालकांना विचारलं तर ते म्हणाले, माझी हरकत नाही, पण कंपनीला विचारा. मी मेल टाकला. चार दिवस उत्तर नाही. शेवटी पार्ट्स डेस्कवरच्या बाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः फोन केला. म्हणाल्या, मी तुमचा मेल घेऊन तीन टेबलांवर गेले, तिन्ही रिकामी आहेत. पुलरच्या मापात गुपित असं काही नाही, आट्यांचं माप तर सर्व्हिसच्या पुस्तकात छापलेलंच आहे. आपल्या नावानं त्यांनी तसा एक दोन ओळींचा मेलही पाठवला. तो त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यातला होता, हे मला पुढे कळलं.

मी मेल छापून बाबांना दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग म्हणाले, "मोजून घेतो. ठेवून घेत नाही." एका दुपारी व्हर्नियर, आट्यांचं गेज आणि चौकटीची वही घेऊन बसले. मी अर्धी रजा टाकून पुलर आणला होता, कारण तो संध्याकाळच्या आत जागेवर गेला पाहिजे अशी त्यांची अट होती. तीन बाजूंनी चित्र काढलं, मापं मराठीत लिहिली. एका जागी "इथे ढिलं चालणार नाही" असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. पाचला मी पुलर परत नेला आणि दुसऱ्या दिवशी यादीतल्या बाकी हत्यारांबरोबर खोक्यात भरून सही केली.

रांझीला बाबांच्या जुन्या सहकाऱ्याचं लेथचं छोटं दुकान आहे. बाबा तिथे जाऊ लागले. सकाळी डबा घेऊन निघायचे, नोकरीत असल्यासारखे. आई म्हणाली, हे तर पुन्हा ड्युटीवर लागले. आठवड्याभरात पुलर तयार झाला. दिसायला मूळच्यापेक्षा चांगला होता. मी तो उस्तादांना दिला. त्यांनी आटे पाहिले आणि एवढंच म्हणाले, "बाबूजी का हाथ साफ है."

पहिली गाडी आली ती मझौलीच्या एका जनावरांच्या डॉक्टरांची. तालुक्यातल्या गावांत ते याच गाडीनं फिरायचे. सीटमागच्या कॅरिअरला औषधांची पेटी कायमची बांधलेली. गाडी चालता चालता बंद पडली होती आणि ते ती पिकअपमध्ये घालून घेऊन आले. उस्तादांनी तपासून सांगितलं, मॅग्नेटो उघडावा लागेल. बाबांचा पुलर लावला. मधला बोल्ट आवळला, अजून आवळला, आणि पुलरच्या आतले आटे घासून बोल्ट मोकळा फिरू लागला. चाक जागचं हललं नव्हतं.

मी घरी येऊन सांगितलं, जमेल तितक्या हळू. बाबांनी चौकटीची वही काढून चित्र पाहिलं. मग म्हणाले, चूक माझीच आहे. पोलाद साधं घेतलं. मूळचं काय होतं ते मला हातात घेतल्यावर कळलं होतं, पण बाजारात मिळालं नाही म्हणून चालून जाईल असं धरलं.

दुसऱ्या दिवशी ते भंगारवाल्याकडे गेले आणि ट्रकच्या तुटलेल्या अॅक्सलचा तुकडा घेऊन आले. ते पोलाद इतकं चिवट होतं की लेथवर दोन दिवस गेले. मग ते तापवून, तेलात बुडवून कडक केलं, आणि पुन्हा मंद आचेवर धरलं, नाहीतर ठिसूळ होऊन तडकतं. या वेळी बाबा म्हणाले, "तू नको नेऊ. मी येतो."

ते आले तेव्हा शोरूमचा पुढचा भाग रिकामा झाला होता. गाड्या गेल्या होत्या आणि काचेवरची कंपनीची अक्षरं खरवडून काढलेली होती. बाबा आधी माझ्या काउंटरपाशी थांबले. मागच्या रॅकवर शेकडो छोटे डबे होते आणि प्रत्येकावर माझ्या हातचा नंबर. त्यांनी एक डबा उघडून पाहिला, झाकण लावून बरोबर त्याच जागी ठेवला. "हे सगळं तूच लावलं?" मी हो म्हटलं. ते वर्कशॉपकडे वळले.

उस्तादांनी स्टूल दिलं, पण बाबा बसले नाहीत. डॉक्टर भिंतीला टेकून उभे होते. बाबांनी पुलर स्वतः बसवला, डावीकडे फिरवत आटे शेवटपर्यंत नेले, मग पाना उस्तादांच्या हातात दिला. उस्तादांनी आवळायला सुरुवात केली. बाबा पुलरवर दोन बोटं ठेवून होते. एका जागी म्हणाले, "रुको." क्षणभर थांबून, "अब थोड़ा और." टक् असा आवाज झाला आणि चाक सुटलं.

आत बिघाड अगदी किरकोळ होता. शाफ्टवर चाक जागेवर धरणारी अर्धचंद्रासारखी एक लहान चावी असते, ती तुटली होती. माझ्या डब्यात तशा दोन शिल्लक होत्या. तासाभरात गाडी सुरू झाली. डॉक्टरांनी बाबांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. बाबांना अवघडल्यासारखं झालं.

ट्रायल घ्यायला उस्ताद निघाले, तेव्हा त्यांनी बाबांना मागे बसायला सांगितलं. मला वाटलं नाही म्हणतील. पण बाबांनी पँटचे पाय वर दुमडले आणि बसले. दोघं नर्मदेवरच्या तिलवाऱ्याच्या पुलापर्यंत जाऊन अर्ध्या-पाऊण तासानं परत आले. वाऱ्यानं बाबांचे केस उभे राहिले होते.

"कशी आहे गाडी?" मी विचारलं.

"ब्रेक चांगले आहेत," ते म्हणाले.

शोरूम पुढच्या महिन्यात बंद झालं. तिथे आता गाद्यांचं दुकान आहे. उस्तादांनी मदनमहल स्टेशनच्या बाजूला शेड घेतली. मी ट्रॅक्टरच्या पार्ट्सच्या एका दुकानात लागले. ट्रॅक्टरचे पार्ट मोठे असतात, हरवत नाहीत, त्यामुळे काम सोपं वाटतं. रविवारी मी उस्तादांकडे जाते आणि त्यांचे डबे लावून देते. पुलरची बातमी कशी पसरली माहीत नाही, पण सिवनीहून, नागपूरहून लोक गाड्या घेऊन येतात. बाबांनी आणखी तीन हत्यारं बनवली. मग त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि तिथल्या डॉक्टरांनी लेथ बंद करायला सांगितलं. आता ते चित्र काढून देतात, काम मित्राकडून करून घेतात आणि दोघं त्यावरून भांडतात.

पार्ट्स डेस्कवरच्या बाई वॉशिंग मशीनच्या कंपनीत लागल्या. पोंगलला त्यांचा मेसेज येतो, दिवाळीला माझा जातो. प्रत्यक्ष आम्ही अजून भेटलेलो नाही.

मागच्या हिवाळ्यात एका गाडीसाठी क्लचचा भाग मुंबईहून मागवावा लागला. खोक्यावर व्हिएतनामचं नाव छापलेलं होतं. मी तो उस्तादांकडे देण्याआधी घरी घेऊन आले. बाबा अंगणात उन्हात बसले होते. त्यांनी भिंग मागितलं. भाग सगळ्या बाजूंनी पाहिला आणि दातांच्या कडांवरून नख फिरवलं. मला वाटलं, काहीतरी खोट काढतील. निदान माझी तशी इच्छा होती.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "कडा हातानं घासून घेतल्या आहेत. तिकडे कोणीतरी मन लावून काम करून राहिलंय."

त्यांनी भाग पुन्हा कागदात गुंडाळला, खोक्यात ठेवला, आणि उस्ताद वाट पाहत असतील, लवकर जा, असं म्हणाले.