पन्हाळ्याची कॅसेट

अर्धांगवायूनं आण्णांची वाचा गेली. त्याच्या दुसऱ्या वर्षी दादाचा दुबईहून फोन आला. "पन्हाळ्याची कॅसेट कॉम्प्युटरवर घे आणि सीडी करून पाठव. पोरांना आजोबांचा आवाज आठवंना झालाय."

"मला जमंल का?"

"सोपं हाय गं. वायर लावायची, बटण दाबायचं."

कॅमेरा त्याचाच होता. नव्वदीच्या शेवटी सुट्टीवर येताना आणलेला आणि जाताना आमच्याकडं ठेवून गेलेला. त्याच सुट्टीत सगळे पन्हाळ्याला गेलो तेव्हा त्यावर ही कॅसेट भरली होती, आणि ती चालायचीही त्यातच. कॉम्प्युटर माझा. मी शाळेत क्लार्क, घरी आण्णा आणि मी दोघंच. सकाळी त्यांची अंघोळ, हातापायांचा व्यायाम, भरवणं, मग शाळा. दुपारी शेजारच्या काकू बघायच्या, संध्याकाळी परत सगळं पहिल्यापासून. बटण दाबायलाही माणूस लागतं हे दादाला कळत नव्हतं, आणि सांगायचा मला कंटाळा आला होता.

राजारामपुरीतल्या कॉम्प्युटरवाल्यानं मशीनमध्ये एक कार्ड बसवून दिलं. "पिवळी वायर चित्राची, ती कार्डात. पांढरी आवाजाची, ती मागच्या निळ्या भोकात. नायतर कॅसेट ठिऊन जावा ताई, मी करतो." कॅसेट एकच होती. मी ती पर्समध्ये घालून घरी आणली.

पहिल्या रविवारी चित्र आलं, आवाज नाही. कॉम्प्युटर माइकचा आवाज घेत बसला होता. त्यात माझ्या खुर्चीची करकर तेवढी आली. दुसऱ्या रविवारी आवाज आला, पण अर्ध्या तासानं तो चित्राच्या मागं पडत गेला. आण्णांचे ओठ आधी हलायचे, शब्द नंतर. तिसऱ्या रविवारी मध्येच लाईट गेली. ही कॅसेट भरभर पळवून घेता येत नाही. दीड तासाची असेल तर दीड तासच बसावं लागतं. मी दर वेळी आण्णांच्या खोलीचं दार लोटून घ्यायची आणि आवाज बारीक ठेवायची. ज्याला आता स्वतःचं नाव सांगता येत नाही, त्याला त्याचंच बोलणं कशाला ऐकवायचं, असं वाटायचं.

चौथ्या रविवारी मी कॅसेट सुरू केली आणि आतून काठीचा आवाज आला. आण्णा डाव्या हातानं काठी पलंगावर आपटत होते. मी आवाज अजून कमी केला. काठी थांबेना. आत गेले.

"त्रास होतोय का? बंद करू?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि तळहात वर वर नेला. मोठा कर.

मी त्यांना धरून खुर्चीत बसवलं आणि खुर्ची ओढत कॉम्प्युटरपुढं आणली. पडद्यावर आण्णा अंबरखान्यापुढं उभे होते. आयुष्यभर इतिहास शिकवलेला माणूस, नातवंडांना धान्याच्या कोठारांबद्दल सांगत होता. वाऱ्यानं निम्मे शब्द खाल्ले होते. तरी आवाज तोच, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. ते रडतील असं मला वाटलं होतं. ते नुसते बघत होते, एखाद्या जुन्या विद्यार्थ्याकडं बघावं तसे.

थोड्या वेळानं त्यांनी पडद्याकडं बोट केलं, मग माझ्याकडं. परत पडद्याकडं. मला कळेना. पाणी पाहिजे का, विचारलं. ते चिडले. पडद्यावर दादा होता, वहिनी, दोन्ही पोरं, आण्णा. त्यांनी हात पसरून विचारलं: तू कुठं?

"मी शूटिंग करत हुतो की, आण्णा. कॅमेरा माझ्या हातात हुता."

तेवढ्यात कॅसेटमधून आवाज आला, "आण्णा, इकडं बघा की." माझाच होता, पण ओळखायला क्षणभर लागला. किती मोकळा होता तो. आण्णांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि कॅसेट संपेपर्यंत काढला नाही. माझे खांदे दुखत होते, स्वयंपाक व्हायचा होता, तरी मी हलले नाही.

संपल्यावर बघितलं तर रेकॉर्डिंगचं बटण मी दाबलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी परत बसले. या वेळी दर वीस मिनिटांनी थांबवून तुकडे केले, म्हणजे आवाज मागं पडायला वेळच मिळत नाही. आण्णा शेजारी बसले आणि निम्म्यात झोपले. सीडी झाली, कुरियर केली. पंधरा दिवसांनी दादाचा फोन आला.

"पोरं लई खूश हायत. पण शेवटी आवाज जरासा मागं पडतोय बघ. परत एकदा करशील?"

"नाही करणार," मी म्हटलं.

तो म्हणाला, "दमलीस व्हय गं?"

दोन वर्षांत हे त्यानं पहिल्यांदा विचारलं. मी हो म्हटलं. दिवाळीत तो महिनाभराची रजा काढून आला आणि आल्या दिवसापासून आण्णांची अंघोळ त्यानं घातली. पहिले चार दिवस मी नुसती झोपले.