आभाळातून उतरलेलं पातळ

धर्म बदलला तेव्हापासून आमच्यात नवरी पांढरं नेसते. माझं लग्न भिलईत ठरलं तेव्हा तिथला पोलादाचा कारखाना अजून उभा होत होता, आणि मी आमच्या घराण्यातली पहिली बी.ए. होते. बाबांनी ट्रंकेतून पांढऱ्या रेशमाचे पट्टे काढून मायपुढे ठेवले. "ह्याचंच पातळ शिव."

माय मागे सरकली. "मेलेल्याचं कापड पोरीच्या अंगावर कावून?"

"थो मेला नाही. दुसरा मेला."

लढाईच्या काळात बाबा गोंदियाकडे धावपट्टीवर माती वाहत. लढाऊ विमानं सरावाला वर जात, एकमेकांच्या मागे लागत. एका सकाळी त्यांतली दोन आदळली. बाबा सांगत, आवाज मागून आला. आधी एक तुटका पंख दिसला, उन्हात चमकत, सावकाश गिरक्या घेत येणारा. एक विमान तळ्यापलीकडे पेटलं. त्यातला बाहेर आलाच नाही. दुसऱ्यातला गोरा पोरगा हवाई छत्रीला लटकून धानाच्या बांधीत पडला, आणि वाऱ्यानं फुगलेली छत्री त्याला चिखलातून ओढत नेऊ लागली. बाबा धावले आणि छत्रीवर आडवे पडले. मग त्याला आपल्या गडव्यातलं पाणी दिलं. तो घटाघटा प्याला. जाताना त्यानं चाकूनं छत्रीच्या रेशमाचे पट्टे कापून बाबांच्या हाती दिले.

गावात आमच्या हातचं पाणी कोणी घेत नसे.

"त्याले मालूम नव्हतं, म्हणून पेला," काका चिडवायचे.

"मालूम असतं तरी पेला असता. आभायातून पडला होता थो."

माय त्या पट्ट्यांना हात लावेना. शिकलेली मी, अपशकुन मानत नव्हते. पण तिला रडवून लग्नाला उभं राहायचं नव्हतं. मी विचारलं, "माय, ह्या कापडानं माणूस मारला का वाचवला?"

तिनं एक पट्टा उचलून मांडीवर घेतला. मग म्हणाली, "सुई आण."

लग्न भिलईला, नवऱ्याच्या क्वार्टरपुढच्या मैदानात लागलं. कारखान्याकडून लाल धुळीचा वारा सुटला आणि माझा पदर असा फुगला, की क्षणभर मला पाय जमिनीवरून सुटल्यासारखे वाटले. बाबा उठले, माझ्यामागे आले, पदर दोन्ही मुठींत घट्ट धरला. पंचशील संपेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.